कलाम्पिर आपांनी अडवलेली सही

“थांब, सही करू नकोस अजून,” कलाम्पिर आपा म्हणाल्या आणि काचपट्टी पुन्हा डॉक्टर दानाबेकच्या पुढ्यात ठेवली.

दानाबेकनं निदानाच्या अहवालावर सही करायला पेन उघडलेलंच होतं. “आपा, अन्ननलिकेतला तुकडा आहे. आपल्या किझिलोर्दा भागात अन्ननलिकेला नेहमीच्या कर्करोगाशिवाय दुसरं काय होतं?”

“तेच तर. घास अडला की इथं शेजारीणसुद्धा रोगाचं नाव सांगते. मग तू इतकी वर्षं शिकलास कशाला?”

आपांचं काम मेणात बसवलेल्या तुकड्याचे पातळ काप काढून ते रंगवायचं. निदानाचा अधिकार त्यांना नव्हता. पण रंग नीट चढलाय का हे बघायच्या निमित्तानं त्या एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकात डोकावत आल्या होत्या, आणि नजर काही अधिकाराला विचारून तयार होत नाही. नेहमीच्या रोगात पेशी एकमेकींना चिकटून पुंजके करतात. या सगळ्या सुट्या होत्या, सांडलेल्या वरीसारख्या.

तुकडा सबिरखानचा होता. भातशेतीवर कापणीचं यंत्र चालवणारा, बावन्न वर्षांचा गडी. सोमवारी त्याची अन्ननलिका काढायची ठरली होती. घरच्यांनी त्याला रोगाचं नाव सांगितलं नव्हतं; आजाऱ्याला कोण सांगतं? पण भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती आणि जो तो घोड्याचं मांस, पाहुणचारातला मानाचा पदार्थ, घेऊन येत होता. पाणी न उतरणाऱ्यापुढं ते ठेवायचं आणि डोळे पुसत आपणच खायचं. एवढी माणसं एकदम गोड बोलायला लागली की माणूस समजायचं ते समजतो.

दानाबेकनं बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. “लिम्फोमा? लसिकापेशींचा कर्करोग, आणि तो अन्ननलिकेत? मी तो पुस्तकातच पाहिलाय.”

“नाव तू ठेव. हा आपला रोजचा नव्हे, एवढं मला कळतं.”

“खास तपासणी अल्माटीच्या मोठ्या प्रयोगशाळेत. दहा दिवस जातील. सर्जन माझं डोकं खातील.”

“खाऊ देत. नळी एकदा काढली की परत बसवता येत नाही.”

सर्जननं खरंच आकाशपाताळ एक केलं. काप काढणारी बाई आता निदानही करणार का, असं त्यांनी भर व्हरांड्यात विचारलं. आपांना ते लागलं, पण भीती निराळीच होती. रोग नेहमीचाच निघाला तर एका माणसाचे दहा दिवस त्यांच्यापायी वाया गेले असते. ते दहा दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. लिम्फोमाच होता, नळी न काढता औषधानं वितळणारा. शस्त्रक्रिया रद्द झाली, शिरेतून औषध सुरू झालं.

दुसऱ्या फेरीनंतर सबिरखान व्हरांड्यातल्या बाकावर रोटी खात बसला होता. सावकाश चावून त्यानं घास गिळला, जरा थांबला, आणि घास खाली उतरला. आपा ट्रे घेऊन उभ्याच राहिल्या.

“काय बघताय, बाई?” त्यानं विचारलं. तो त्यांना ओळखत नव्हता.

“काही नाही. खा तू.”

त्या प्रयोगशाळेत परतल्या तेव्हा त्यांना इतकं बरं वाटत होतं, की दानाबेकनं चेहऱ्यावरूनच ताडलं.

“आपा, खरं सांगा. तुम्ही कसं ओळखलंत?”

“माझ्या नवऱ्याच्या तुकड्याचे कापही मीच काढले होते,” आपा हातमोजे चढवत म्हणाल्या. “दुसरं काहीतरी निघावं म्हणून महिनाभर रोज बघत होते. दुसरं काय काय असू शकतं, ते तेव्हा सगळं शोधून ठेवलं. त्याचं नेहमीचंच निघालं.”

दानाबेकनं आपली खुर्ची सूक्ष्मदर्शकापुढं ओढली आणि त्यांना बसायला दिली.