सहाच्या जागी आठ

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मोजणीबाईंनी फाइलमधल्या ओळी मोजल्या. आठ भरल्या. पडद्यावर बोट टेकवून पुन्हा मोजल्या. आठच. त्या सहा असायला हव्या होत्या.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणत. हृदयाच्या पेशीत कॅल्शियम आत सोडणारं एक सूक्ष्म दार असतं. त्या दाराची प्रतिकृती संगणकावर चालवायची आणि कॅल्शियमचे कण किती गेले, सोडियमचे किती घुसले ते मोजायचं, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. निरोगी दारातून सोडियम जवळजवळ जातच नाही.

धाकटा भाऊ टॉवर क्रेन चालवायचा. पाच महिन्यांपूर्वी तो घरात दोनदा भोवळ येऊन पडला. तपासणीत निघालं की, त्याच्या या दारावरच्या चार पहारेकऱ्यांपैकी एक जन्मतःच वेगळा आहे. "त्याचा अर्थ आज सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कळेपर्यंत उंचावर चढू नका." तीन महिने घरी बसून धाकटा भिंतींशी भांडायला लागला, तेव्हा बाईंनी मनाशी ठरवलं, अर्थ आपण काढू.

त्यांनी त्याला समोर बसवून समजावलंही होतं.

"लिफ्ट एवढीशी आहे समज. आत दोघांपुरती जागा आणि चार पहारेकऱ्यांनी दिलेलं चार जणांचं ओझं. कोणाला घेशील?"

"दोन पैलवान."

"कॅल्शियम म्हणजे पैलवान. अंगानं सोडियमएवढाच, पण भार दुप्पट पेलतो. म्हणून दार त्याला आत घेतं."

"आणि पहारेकरी कमी पडला तर?"

"तर ओझंच कमी होतं. मग कोणीही घुसतं."

अकरा दिवस प्रतिकृती चालली. निकाल निरोगी दारासारखाच आला. बाईंनी कागद छापून दिला. कंपनीच्या डॉक्टरांनी त्यावर नजर फिरवली, संस्थेचा शिक्का पाहिला आणि सही केली. धाकटा पुन्हा वर चढला. त्याला आता पाच आठवडे झाले होते.

प्रयोगशाळेत नवी फाइल कोणी कोऱ्यापासून लिहीत नाही. जुनी उचलायची, मथळा बदलायचा, मग आतल्या ओळी. एका पहारेकऱ्याच्या दोन ओळी, चौघांच्या आठ. धाकट्याचा एक पहारेकरी वेगळा, म्हणून त्याच्या फाइलमधून दोन काढायच्या होत्या. त्या दिवशी बाईंनी मथळा बदलला आणि तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी आत बोलावलं. परत येऊन त्यांनी मथळा पाहिला, बदललेला दिसला, आणि काम सुरू केलं. अकरा दिवस संगणकानं भावाच्या नावाखाली भलत्याच निरोगी माणसाचं दार तपासलं होतं. आज नव्या कामासाठी तीच फाइल उचलायला गेल्या, म्हणून कळलं.

त्यांनी दोन ओळी काढल्या आणि प्रतिकृती पुन्हा सुरू केली. मग धाकट्याला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. क्रेनच्या केबिनमध्ये फोन न्यायला मनाई होती. तो खाली पेटीत असायचा.

भावजयीनं लगेच उचलला.

"ते तर आठलाच वर गेले, वन्सं. का हो?"

"सकाळी बरा होता ना?"

"दम लागतोय म्हणाले जरासा. मी म्हटलं, नका जाऊ. तर म्हणतात, ताईनं कागद दिलाय, तू कोण मोठी? वन्सं, काय झालंय?"

"माझ्याकडून चूक झाली," बाई म्हणाल्या. "मुकादमांचा नंबर दे."

सर मागे येऊन उभे होते. "बाई, घाई करू नका. प्रतिकृती म्हणजे डॉक्टर नव्हे. पूर्ण निकाल येऊ द्या, मग बोलू."

"अकरा दिवस लागतील, सर."

त्यांनी मुकादमाचा नंबर फिरवला.

मुकादमाच्या आवाजामागे यंत्रांची घरघर होती. "ताई, आत्ता तुळई लटकलीय वर. मध्येच उतर कसं म्हणू? काय सांगू त्याला?"

"तो कागद खोटा निघाला म्हणून सांगा. मी सांगितलंय म्हणा."

पाऊण तासानं मुकादमाचा फोन आला. तुळई बसली होती. वॉकीटॉकीवर धाकटा हसला होता म्हणे. "ताई लहानपणापासून घाबरट. जेवायला उतरीन एकदमच."

"जेवायला नाही, आत्ता. पण एकट्याला उतरू देऊ नका. कोणाला तरी वर पाठवा, सुरक्षेचा पट्टा घेऊन."

"शिडीवर एका वेळी एकच जण, ताई. नियम आहे."

पडद्यावर आकडे चढत होते. साडेबाराला कॅल्शियम नऊ, सोडियम दोन. एवढ्याशा मोजणीवरून काही ठरवायचं नसतं, हे नव्यांना शिकवणाऱ्या त्याच होत्या. पावणेएकला कॅल्शियम दहा, सोडियम पाच. बाईंनी पडदा बंद केला. मिनिटभरानं पुन्हा सुरू केला. सोडियम सहा.

धाकटा जेवणाच्या सुट्टीवरच अडून बसला आणि बाराच्या ठोक्याला दुसरी तुळई लागली, म्हणून तो निघाला पावणेएकला. मुकादमानं या वेळी फोन चालूच ठेवला.

"वरचा पहिला टप्पा उतरला. चांगला उतरतोय."

बाईंनी फोनचा आवाज वाढवला.

"वरून दुसऱ्या टप्प्यावर थांबलाय."

"थांबलाय म्हणजे?"

"बसलाय."

"आपणहून बसलाय का? हाक मारा त्याला."

पलीकडे मुकादमानं मोठ्यानं हाक मारली. मग पुन्हा मारली. यंत्रांची घरघर कोणीतरी बंद करायला लावली.

"हात हलला वाटतं," तो म्हणाला. "वारा आहे, नीट दिसत नाही. एक जण चढतोय पट्टा घेऊन."

एक वाजून चार मिनिटं झाली होती. पडद्यावर कॅल्शियम अकरा होतं, सोडियम नऊ. चढणारा माणूस अजून खालच्या पहिल्या शिडीच्या मध्यावर होता.