नदीपलीकडच्या बहिणीचा सूर

मला पेटीतून बाहेर काढलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "बापरे, केवढं मोठं व्हायोलिन!" मित्रांनो, मी व्हायोलिन नाही. मी एक जुनी व्हायोला आहे. व्हायोलिनची थोरली बहीण म्हणा. अंगानं रुंद आणि आवाजानं जरा घोगरी. पुष्कळ जुन्या वस्तू आपल्या मानसन्मानाच्या गोष्टी सांगतात. माझ्याकडेही तशा एकदोन आहेत. पण मला आज जी सांगायची आहे, ती आठवली की माझ्या तारा अजून अंग चोरून घेतात.

लेम्स्टर गावच्या ट्रँटर नावाच्या कारागिरानं मला घडवलं. त्याच्याकडे गिऱ्हाइकं येत ती व्हायोलिन मागायला. व्हायोला कोणालाच नको असायची. तरी त्यानं केवळ हौसेखातर मला तासलं, घासलं, वॉर्निश दिलं आणि दुकानाच्या काचेत टांगलं. तिथं मी इतकी वर्षं लटकत राहिले की उन्हाकडची माझी बाजू फिकी पडली.

मग एक दिवस मिल्ड्रेड ग्विलियम आली. हेरफर्डला मुलींच्या शाळेत ती संगीत शिकवायची. तिनं मला खांद्याशी धरून एक लांब सूर काढला आणि म्हणाली, "हिचा आवाज माणसासारखा आहे." मला त्याआधी कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

मिल्ड्रेडचा थोरला भाऊ लायनेल संगीतरचना करायचा. त्या काळी इंग्लंडातल्या संगीतकारांना एक ध्यास लागला होता. परक्या देशांच्या संगीताची नक्कल पुरे झाली, आपल्या शेताकुरणांतून म्हातारी माणसं जी गाणी गातात, त्यांतून आपलं संगीत उभं करायचं, असं त्यांना वाटे. लायनेललाही तसंच वाटे, पण चिखलातून गावोगाव हिंडायचा त्याला कंटाळा. म्हणून गाणी गोळा करायचं काम मिल्ड्रेडकडे आलं. सुट्टीच्या दिवशी ती मला सायकलवर बांधायची आणि निघायची.

अशीच ती मार्स्टनला केझाया प्रीसच्या दारी पोहोचली. केझाया विधवा होती. घरच्याच सफरचंदांचा सायडर आंबवून विकायची. अंगानं दांडगी, जिभेनं त्याहून दांडगी.

"गाणं पाहिजे होय?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी एक साहेब आले होते. माझ्या तोंडापुढे आवाज टिपायच्या यंत्राचा कर्णा धरला. म्हटलं, साहेब, दात बघायचे असतील तर घोड्याचे बघा!"

मिल्ड्रेड हसली आणि काही न मागता बाकावर बसून मला वाजवू लागली. केझाया हातातला पेला पुसता पुसता थांबली.

"पोरी, ही पेटीतली बाई तर माझ्या थिर्झासारखी बोलते की गं!"

थिर्झा तिची धाकटी बहीण. दोघींचं एक गाणं होतं. नदीला पूर आलाय, दोन गवळणी दोन काठांवर अडकल्यात आणि एकमेकींना हाका मारतायत, असं. एक कडवं केझायाचं, एक थिर्झाचं.

पाणी चढलं, ताई गं, पाणी चढलं,
माझ्या गाई तुझ्या काठी, कशी येऊ मी?

केझायानं आपलं कडवं म्हटलं आणि ती थांबली. चुलीवरचं पाणी उकळत राहिलं. मिल्ड्रेडला वाटलं, विसरली. पण थोड्या वेळानं केझायानं थेट तिसरं कडवं धरलं.

"मधलं?" मिल्ड्रेडनं विचारलं.

"मधलं थिर्झाचं. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचं मी म्हणत नाही."

पुन्हा गाणं सुरू झालं आणि केझायाचं कडवं संपलं, तेव्हा मिल्ड्रेडनं गज माझ्या तारांवर ठेवला आणि थिर्झाचं कडवं मी गायले. केझायानं डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला. मग नाक शिंकरून म्हणाली, "थिर्झा बेसूर व्हायची. ही होत नाही. तेवढाच काय तो फरक."

त्यानंतर आम्ही कितीदा तरी गेलो. एकदा लायनेलही आला. त्यानं केझायाचं सफरचंदाचं पुडिंग पुन्हा पुन्हा मागून खाल्लं आणि गाणं ऐकताना त्याचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे.

त्या सुरावर लायनेलनं मोठ्या वाद्यवृंदासाठी एक रचना केली. तिचं नाव ठेवलं 'वाय नदीकाठची संध्याकाळ'. तिच्यात सुरुवातीला एकटी व्हायोला तो सूर वाजवते, मग सगळी वाद्यं क्षणभर थांबतात, आणि त्यानंतर बाकीची हळूहळू मागून येतात. पहिला कार्यक्रम हेरफर्डच्या मोठ्या सभागृहात होता; हातात काठी घेऊन वाद्यवृंद चालवणार लायनेल, आणि मला वाजवणार मिल्ड्रेड. मिल्ड्रेडनं केझायाला तिकीट पाठवलं. केझायानं दुकान बंद ठेवलं, हिरवी टोपी घातली आणि मागच्या बाकावर येऊन बसली.

मी वाजू लागले. मित्रांनो, त्या दिवसाइतकी मी कधीच चांगली वाजले नव्हते. सूर संपला. सगळे थांबले.

आणि मागून केझाया गाऊ लागली.

तिला काय ठाऊक? मी हाक दिली होती. आता तिची पाळी होती. ती उभी राहिली आणि आपलं कडवं मोकळ्या गळ्यानं म्हणू लागली. आधी माना वळल्या. मग कोणीतरी फिसकन हसलं. "शूऽ, शूऽ" सुरू झालं. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "गोठ्याचं दार उघडं राहिलं वाटतं!" त्यावर ती रांग हसली.

केझायानं कडवं पूर्ण केलं आणि ती माझ्याकडे पाहत थांबली. उत्तराची वाट पाहत. गज मिल्ड्रेडच्या हातात होता. तिनं लायनेलकडे पाहिलं. लायनेलचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं घाईघाईनं काठी उंचावली, सगळी तंतुवाद्यं एकदम मोठ्यानं वाजू लागली आणि त्या आवाजात एका माणसानं केझायाला कोपराला धरून बाहेर नेलं. तिची टोपी वाकडी झाली होती. ती तिनं नीट केली नाही.

कार्यक्रमानंतर त्याचा खर्च उचलणाऱ्या आश्रयदात्या बाईंनी विचारलं, "ती कोण हो, मिस्टर ग्विलियम? तुमच्या ओळखीची?"

"नाही बुवा," लायनेल म्हणाला. "मी ओळखत नाही तिला."

मिल्ड्रेड त्याच्या शेजारी उभी होती. मी तिच्या हातातल्या पेटीत होते. तिनं पेटीची मूठ इतकी घट्ट आवळली की कातडं करकरलं. पण तोंडातून अक्षर काढलं नाही. माझ्याच आवाजानं केझायाला उभं केलं होतं, आणि तिचं हसं होऊन ती बाहेर गेली तेव्हा मी मुकी राहिले होते. घरी जाईपर्यंत पेटीच्या अंधारात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिल्ड्रेडनं मला चादरींच्या कपाटात ठेवून दिलं. मार्स्टनला जायचं तिला धाडस होईना. महायुद्ध आलं आणि संपलं. ओलीनं माझा सरस सुटला, पाठ उकलली, तारा एकामागून एक तटातट तुटल्या. मला वाटे, बरंच झालं.

लायनेलची रचना मात्र गाजत गेली. युद्धावरून परतलेल्यांना त्या सुरात आपली कुरणं, आपल्या नद्या दिसत. एका सकाळी दोघं भावंडं न्याहारीला बसली असताना मिल्ड्रेडनं वर्तमानपत्रात लायनेलचं भाषण वाचलं. माझ्या कपाटाचं दार तेव्हा किलकिलं होतं.

"'हा सूर मला नदीवरच्या वाऱ्यानं दिला.' लायनेल, वाऱ्यानं?"

"शोभतं गं ते, मिली. लोकांना आवडतं."

"वाऱ्यानं पुडिंगही वाढलं होतं का?"

लायनेलनं टोस्टला लोणी लावणं थांबवलं नाही. "इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढतेस?"

मिल्ड्रेड उठली आणि तिनं मला कपाटातून काढलं. ट्रँटरच्या मुलानं माझी पाठ जोडली, नव्या तारा चढवल्या. मग आम्ही मार्स्टनला गेलो.

केझाया वाळली होती. तिनं बसायला सांगितलं नाही. मिल्ड्रेड दारातच उभी राहून म्हणाली, "मिसेस प्रीस, माफी मागायला आलेय. त्या दिवशी मी गप्प राहिले."

"इथं कशाला मागतेस?" केझाया म्हणाली. "माझ्या दुकानात मला कोण हसलं होतं? हसले तिथं जाऊन बोल." आणि तिनं दार लावून घेतलं.

पुन्हा वाजव म्हणून लायनेल कितीतरी दिवसांपासून मिल्ड्रेडच्या मागे लागला होता. तिच्यासारखी ती सुरुवात कोणालाच जमत नाही, असं म्हणायचा. आता ती वाजवायला तयार झाली, तेव्हा तो खूश झाला. तेच सभागृह, तीच गर्दी. त्यानं काठी उचलायच्या आत मिल्ड्रेड उभी राहिली.

"हा सूर वाऱ्याचा नाही," ती म्हणाली. "मार्स्टनच्या केझाया प्रीस आणि त्यांची बहीण थिर्झा यांचा आहे. मिसेस प्रीस इथं गायल्या, तेव्हा आपण त्यांना हसलो आणि बाहेर काढलं. आम्ही त्यांना ओळखत नाही, असं सांगण्यात आलं. आम्ही त्यांच्या घरी जेवलो होतो."

लायनेल पुटपुटला, "मिली, खाली बस." त्याचे कान लालबुंद झाले होते. कोणी टाळी वाजवली नाही. कोणी हसलंही नाही. त्या दिवशी लायनेलनं ती रचना फार घाईत संपवली, आणि पुढे कितीतरी महिने तो बहिणीशी बोलला नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत दोघी बहिणींची नावं छापलेली असत. ती त्यानंच छापवली होती.

मिल्ड्रेड पुन्हा मार्स्टनला गेली. या वेळी केझायानं तिला आत घेतलं, सगळं ऐकलं.

"भाऊ काय म्हणाला?"

"बोलत नाही माझ्याशी."

"हं. म्हणजे आता कळलं असेल तुला, एवढ्या लोकांत एकटं उभं राहिलं की कसं होतं ते." तिनं सायडरचा पेला मिल्ड्रेडपुढे सरकवला. "घे. थंडीतून आलीस."

मिल्ड्रेडनं मला हातात घेतलं, पण केझायानं मान हलवली. "नको पोरी. राहू दे." ती त्या दिवशी गायली नाही, आणि त्यानंतर कधीच गायली नाही. पुढे पुष्कळदा आम्ही तिच्याकडे बसलो, पुडिंग झालं, थट्टा झाली, पण ते गाणं मात्र तिनं पुन्हा तोंडात घेतलं नाही.

आता मी मिल्ड्रेडच्या शाळेत असते. मित्रांनो, मला ओलीत ठेवू नका, वाजवून झालं की माझ्या तारांवरची धूळ पुसा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. ज्या माणसाकडून तुम्ही काही शिकलात, ते माणूस भरल्या सभेत तुमच्याकडे पाहत उभं राहिलं, तर लगेच, तिथंच, मोठ्यानं सांगा की हो, मी यांना ओळखतो.