शकूरजवळ ठेवलेला तुंबा

मी एक तुंबा. वाळलेल्या दुधी भोपळ्याचा. पुंजाजीच्या गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असतो. बैलाचं शिंग लागलं तर थोडा हलतो. एरवी माझं हलणंही माझ्या हाती नाही.

पुंजाजीच्या आईच्या, तानुबाईच्या कुडावर मी वाढलो. तिनं मला कोवळा असताना तोडलं नाही. वेल वाळला, मी टणक झालो. मग तिनं माझं तोंड कापलं, आत पाणी भरून गर कुजवला, हलवून हलवून बिया काढल्या. आत नुसता अंधार राहिला. तोंडात चिंधीचं बूच बसलं आणि अंगावर अंबाडीच्या दोरीचं जाळं आलं. पाणी माझ्यात कोंडलेलं आणि मी जाळ्यात.

पुंजाजी मला रोज शेतात नेई. शकूर पिंजारी त्याचा लहानपणापासूनचा सोबती. तोही शेतात येऊन बसे. पण त्याला पाणी द्यायचं तर ओंजळीत, वरून. तानुबाईचा तसा नियम होता. शकूरच्या देखतच ती म्हणे, "वरून ओतजो रे. तोंड नको लावू देजो." भाजीत मीठ टाक म्हणावं, इतक्या साध्या आवाजात.

शकूर हसायचा. "काकी, माह्या ओंजळीले आता भोकं पडले!"

आमचं गाव वऱ्हाडच्या टोकाला. डोंगर ओलांडला की निजामाचा मुलुख. गावचे मास्तर वामनराव सांगत, हे डोंगर म्हणजे जमिनीतून वर आलेली आग, थंड होऊन थिजलेली. शकूरची मुलगी गुलनार पलीकडे दिलेली. तिला मुलगा झाला होता. शकूरनं स्वतः कापूस पिंजून एक मऊ दुपटं भरलं आणि निघायची तयारी केली. ऊन चैत्राचं आणि महिना रमजानचा.

"बे शकूर, रोजे संपल्यावर जा ना," पुंजाजी म्हणाला. "उपाशीतापाशी डोंगर चढतं काय?"

"बारा दिवसाचा झाला नातू, राजा. अजून तोंड नाही पाह्यलं त्याचं."

"तुमच्यात प्रवासाले रोजा माफ असते म्हणते ना?"

"सकाळी निघून सांजेले पोचतो. याले काय प्रवास म्हणतं!"

"तं मीबी येतो. तुह्यासंगं बोलाले कोणी पाह्यजे."

उजाडायला आम्ही निघालो. काळा दगड, भाजल्यासारखा, भोकाभोकांचा. एक पायरी चढली की वर दुसरी उभीच. सागाची पानं झडलेली, सावली कुठं नाही. वहाणेतूनही दगड चटके देत होते. पुंजाजी दोनदा थांबून माझ्यातलं पाणी प्याला. शकूर तेव्हा पलीकडे पाहायचा. तिसऱ्यांदा पुंजाजीनं बुचाला हात लावला आणि तसाच मागे घेतला. मग तो प्यालाच नाही.

माथा ओलांडून आम्ही घळीत उतरू लागलो. एक धोंडा पायरीसारखा दिसत होता, पण तो नुसता टेकलेला होता. शकूरनं त्याच्यावर पाय दिला. धोंडा फिरला, शकूर घसरला आणि त्याचा पाय घोट्यापासून खाली दाबला गेला.

पुंजाजीनं काठी घालून पाहिली. काठी मोडली. दोघांनी हातांनी रेटून पाहिलं. शकूरच्या तळहातांची कातडी निघाली. धोंडा हलला नाही.

"खाली सडकेवर खडी फोडून राह्यले लोक," पुंजाजी म्हणाला. "त्यायच्याजवळ पहारी आहेत. मी घेऊन येतो." त्यानं मोडक्या काठीचे दोन तुकडे दगडात खोचले, त्यावर दुपटं टाकून शकूरच्या डोक्यावर सावली केली.

"लेकराचं आहे बे ते!"

"लेकराच्या आज्याच्या कामी आलं. चूप बस." मला त्यानं शकूरच्या उजव्या हाताशी ठेवलं. "सगळं पाणी तुह्याजवळ आहे. पेजो."

"आन तू?"

"खाली पाणीच पाणी आहे."

तो गेला. घळीत आम्ही दोघंच राहिलो, दोघंही अडकलेले. शकूरचा पाय धोंड्याखाली. माझ्या पोटात पाणी आणि तोंडात बूच. दुपार डोक्यावर आली. दगड बाजूनं तापले, वरून ऊन. शकूरचे ओठ पांढरे पडले. तो आधी गुलनारचं नाव घेत होता, मग नुसतेच ओठ हलू लागले.

एकदा त्यानं मला मांडीवर ओढलं. बुचावर बोटं ठेवली. मला वाटलं, आता काढेल. मी त्याच्या हातात इतका जड होतो! पण तो पुटपुटला, "पुंज्यानं सकाळपासून दोनदाच पेलं. मी सारं पेऊन बसलो आन तो कोरडा आला तं?" बोटं बाजूला झाली.

मला हात असते तर मी स्वतः ते बूच उपटलं असतं. माणूस माझ्यावर डोकं टेकून तहानेनं मरत होता आणि मी भरलेला होतो. एवढी कोंडी मी कधी सोसली नव्हती.

सूर्य अजून कासराभर वर असताना माणसांचा आवाज आला. चार जण पहारी घेऊन, पुढे त्यांचा मुकादम रंगराव. मागून पुंजाजी ठेचकाळत येत होता. चार पहारी एकदम लागल्या, धोंडा कण्हत उचलला गेला आणि शकूरचा काळानिळा पाय मोकळा झाला.

पुंजाजीनं बूच काढून मला शकूरच्या तोंडाशी धरलं. "पे."

"सूर्य बुडू दे. थोडाच राह्यला."

"मंग मीबी नाही पेत."

रंगराव भडकला. "आमच्या मडक्यातलं पाणी देऊन राह्यलो होतो, तं यानं घेतलं नाही. घरात चालत नाही म्हणे! तुमचा रोजा, याचं सोवळं. मरा दोघंबी इथंच, आम्ही जातो."

शकूरनं पुंजाजीकडे पाहिलं. पुंजाजीचे ओठ फुटून रक्त आलं होतं. शकूरनं डोळे मिटले, काहीतरी हळूच म्हटलं आणि माझ्या तोंडाला तोंड लावलं. ओंजळ करायला त्याच्या हातांना कातडीच नव्हती. दोन घोट घेतले. "घे आता."

पुंजाजीनं वरून ओतून घेतलं नाही. जिथं ओलं होतं, तिथंच ओठ टेकवले.

धोतराची झोळी करून त्यांनी शकूरला उतरवलं. दिवस मावळता मावळता तो गुलनारच्या दारी पोचला. नातवाचं तोंड त्यानं पाहिलं.

घरी येऊन पुंजाजीनं आईला सगळं सांगितलं. तानुबाई म्हणाली, "सांगाले काऊन आला? गुपचूप धुवून ठेवला असता तं मले काय कळत होतं?"

"धुवाले पाणीच नव्हतं, माय."

"फेक तो."

पुंजाजीनं मला फेकलं नाही. या खुंटीला टांगलं. तेव्हापासून मी इथं.

हिवाळ्यात शकूर लंगडत आला. मोडलेल्या रोज्याच्या बदली त्यानं त्या दिवशी रोजा धरला होता. सांजेला गोठ्यातल्या दगडावर बसला आणि मला मागून घेतलं. तानुबाई घरातली घागर घेऊन बाहेर आली. मला हात न लावता तिनं वरून धार धरली. एक थेंबही बाहेर सांडला नाही. माझं तोंड केवढंसं!

दरवर्षी हिवाळ्यात तो येई आणि ती तशीच धार धरी. आता तानुबाई पार वाकली आहे. परवा तिनं आतूनच हाक दिली, "पुंजाजी, तो तुंबा आण रे घरात. लई वर्सं झाले."

पुंजाजीनं खुंटीकडे हात केला. शकूर खाली दगडावर बसला होता, तो लंगडा पाय लांब करून. माझ्याकडे पाहून हसला. "जा बाबा, तुह्यावाली तं झाली सोय."

पुंजाजी, माझा आवाज तुला येत असेल तर ऐक. मला इथंच राहू दे. मला दुखत नाही, मी लाकडासारखा झालोय. पण त्या दगडावरून उठताना शकूर दोन्ही हातांनी पाय उचलतो, ते मी वरून पाहतो. आधी त्याला आत ने.