आधी पारा, मग गप्पा

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. म्हणजे बीपीचं मशीन, तेही पाऱ्याचं. सध्या दवाखान्याच्या काचेच्या कपाटात, एका बंद पडलेल्या घड्याळाच्या आणि गुडघ्याच्या प्लॅस्टिकच्या हाडांच्या मधे माझी सोय केली आहे. शेजार चांगला आहे. दोघंही कमी बोलतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका कारागीर बाईंनी माझ्या काचेच्या नळीत चमचमता पारा भरला, नळीला टिचकी मारली आणि "हं, जा आता" एवढाच आशीर्वाद दिला. मला वाटलं होतं, मोठ्या इस्पितळात जाईन, गंभीर चेहऱ्यांमधे राहीन. पण नशिबात डॉक्टरकाका होते.

डॉक्टरकाकांनी दवाखाना उघडला, त्या दिवशी मला टेबलावर मांडलं. काका उंच, प्रेमळ आणि अखंड बोलणारे. पेशंटच्या दंडाला माझा पट्टा गुंडाळायचा, रबराचा फुगा दाबायला घ्यायचा आणि विचारायचं, "मग, घरी काय नवीन?" ही त्यांची पद्धत. कानात नळ्या घातल्यावर काका गप्प होत, पण तोवर पेशंट बोलत सुटलेला असे. काका एका कानानं ठोके ऐकत, दुसऱ्या कानानं गाऱ्हाणं ऐकत आणि मान मात्र गाऱ्हाण्याच्या तालावर हलवत.

काय दिवस होते ते! एक काकू जावेबद्दल सांगायला लागल्या की माझा पारा जिना चढल्यासारखा वर जायचा. जाऊ माहेरी गेली म्हणाल्या की दोन पायऱ्या उतरायचा. परत आली म्हणाल्या की सरळ गच्चीवर. सगळ्या गल्लीच्या घराघरांतलं मला ठाऊक होतं. लोक माझी स्तुती करत. "काकांचं मशीन एकदम कडक आहे," असं म्हणत. मी फुगून जायचो. अर्थात, फुगणं हे माझं कामच होतं.

अशातच आमच्याकडे बसमामा येऊ लागले. बसमामा शाळेची बस चालवत. गल्लीतली सगळी मुलं त्यांच्या बसमधून शाळेत जात आणि रडत निघालेलं मूलही तिसऱ्या वळणापर्यंत गाऊ लागे, अशी त्यांची ख्याती. सोबत मामी असायच्याच. मामा आमच्या उंच स्टुलावर बसायचे, पाय लोंबकळत, हात हवेत धरलेला, शर्टाची बाही वर कोंबलेली.

काका विचारायचे, "मग मामा, घरी काय नवीन?"

मामा तोंड उघडायच्या आत मामी म्हणायच्या, "मी सांगते ना! लोणच्याची बरणी लपवली तर यांनी ती शोधून काढली. पाहुण्यांचा पत्ता सापडत नाही, बरणी बरोबर सापडते!"

"अगं, एक फोड खाल्ली."

"एक? बरणीत आता नुसती बरणी उरलीय!"

आणि माझा पारा एकशे साठच्या पार.

काकांनी गोळी सुरू केली. पुढच्या खेपेला मामींनी मेहुण्याच्या लग्नातली एक जुनी भानगड काढली. पारा पुन्हा वर. गोळी वाढली. त्यापुढच्या खेपेला मामा स्वतःच बसच्या मालकाबद्दल बोलले. त्या दिवशी मला नळी कमी पडते की काय असं वाटलं. गोळी आणखी वाढली. मग एका सकाळी बसचं चाक तपासायला मामा वाकले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन मटकन खालीच बसले. मुलं अजून चढायची होती, म्हणून निभावलं.

मालकानं सांगितलं, डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर उद्यापासून बस दुसरा चालवेल.

मामा दवाखान्यात आले तेव्हा पहिल्यांदाच मामी गप्प होत्या. काकांचाही आवाज उतरला होता. "मामा, आजही बीपी तेवढंच जास्त आलं आणि वर तुम्हाला अशी चक्कर येत असेल, तर मी कसा दाखला देऊ? बसमधे लेकरं असतात हो."

"मला कळतं, डॉक्टर," मामा म्हणाले. "पण दुसरं काही येत नाही मला. घरी बसलो तर हिचं बीपी वाढेल."

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "बाबा, एक मिनिट."

ही डॉक्टरताई. काकांची मुलगी, नुकतीच शिकून दवाखान्यात बसायला लागलेली. काकांना शंका आली की ते स्वतःला विचारत. ताईला शंका आली की ती जगभरात कुणी काय तपासून पाहिलंय ते शोधून वाचत बसे.

"मामांना स्टुलावरून उतरवू या," ती म्हणाली. "पाठ टेकेल अशी खुर्ची, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर. आणि पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही."

"कुणीही म्हणजे?" काकांनी काळजीनं विचारलं.

"कुणीही म्हणजे तुम्ही, बाबा. हात अधांतरी असला की आकडा वाढतो, पाय लोंबकळले की वाढतो, बोललं की वाढतो. हे माझं मत नाही. संशोधकांनी कितीतरी लोकांचं बीपी दोन्ही तऱ्हेनं मोजून पाहिलंय."

"मीही हजारो लोकांचं मोजलंय."

"हो, पण सगळ्यांचं एकाच तऱ्हेनं."

ताईनं मामांना खुर्चीत बसवलं. आता शांतता मोजून पाच मिनिटं टिकवायची होती. काकांचा चेहरा आधी गुलाबी, मग लाल झाला. त्यांनी एकदा खोकून पाहिलं. एकदा छताकडे बघून "हवा काय..." एवढं म्हणाले. ताईनं त्यांना सरळ बाहेर काढलं. मग मामीही बाहेर गेल्या, कारण बाहेर बोलायची सोय होती. दाराच्या फटीतून काकांची कुजबुज आली, "झालं का?" मामींनी त्यांना दटावलं, "श्श! मी गप्प आहे ना?" हे वाक्य दवाखान्याच्या इतिहासात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

ताईनं फुगा दाबला. मी वर चढलो आणि सवयीप्रमाणे भांडणाची वाट पाहिली. भांडण आलंच नाही. मी मुकाट्यानं खाली आलो. एकशे अठ्ठावीस. ताईनं थोडं थांबून पुन्हा मोजलं. एकशे सव्वीस. मग मामांना उभं करून मोजलं, तर मी आणखी बराच खाली घसरलो.

काका धावत आत आले. "म्हणजे बरे झाले?"

"एका दिवसाच्या मापावर नाचायचं नाही," ताई म्हणाली. "मामा, बीपी तुम्हाला आहे, पण आम्ही समजलो तेवढं नाही. उभं राहिलं की खाली जातंय, म्हणजे गोळी जास्त होतेय. ती मी कमी करते. तुम्ही स्वतःहून सोडायची नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजा. बस आठवडाभर बंद. मग दाखल्याचं बघू."

आणि तिनं पिशवीतून एक छोटं, गुळगुळीत, बटणाचं मशीन काढून मामांना दिलं.

मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत. तेही मी इतकं खरं बोललेलो असताना.

आठवड्यानं मामा परत आले. घरचे आकडे चांगले होते, चक्कर थांबली होती. मामी मोजताना पाचही मिनिटं तोंडावर पदर धरून बसत, असं मामांनी सांगितलं. "लग्नानंतर एवढी विश्रांती पहिल्यांदाच," असंही म्हणाले. त्यावर मामी जे म्हणाल्या, ते मोजायला सुदैवानं माझा पट्टा कुणाच्या दंडाला नव्हता. काकांनी स्वतःच्या हातानं दाखला लिहिला आणि मामांचे दोन्ही हात हातात घेतले. काही बोलले नाहीत. त्यांना ते जमू लागलं होतं.

पुढे ते उंच स्टूल कुंड्यांखाली गेलं. मग माझी वेळ आली. पारा सांडला तर विषारी, म्हणून रीतसर तो काढून नेण्यात आला. आता माझ्यावर कुणी कितीही चिडलं तरी माझा पारा चढत नाही.

काका थकले आहेत. परवा ते स्वतःचं बीपी दाखवायला आले. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, शहाण्या मुलासारखे गप्प बसले. बसल्याबसल्या त्यांनी कपाटाकडे पाहिलं आणि मला हळूच डोळा मारला. बाहेरून शाळेची बस गेली आणि दवाखान्यासमोर नेहमीसारखा लांब हॉर्न वाजला. काकांचे ओठ हलले, पण त्यांनी ते मिटून घेतले. बटणाचं मशीन टीं-टीं करून थांबलं. ताईनं आकडा पाहिला, पट्टा सोडला, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "हं. मग बाबा, घरी काय नवीन?"

दोघंही एकाच घरात राहतात. तरी काका बराच वेळ सांगत होते.

तर मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं बीपी मोजत असतील, तर त्यांना आधी निवांत बसू द्या. त्या पाच मिनिटांत भांडण, परीक्षेचे मार्क आणि लोणच्याची बरणी यांतलं काहीही काढू नका. माप झालं की मात्र सगळं विचारा, नक्की विचारा. आणि कधी आमच्या दवाखान्यात आलात, तर माझ्या कपाटाच्या काचेवरची धूळ तेवढी पुसा. पण न बोलता. समोर कुणाचं तरी माप चालू असतं.