चुगलखोर कॅमेरा

बाबा मला ‘चौकशी खिडकी’ म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, तेव्हा मी दुकानातल्या काकांना सतरावा प्रश्न विचारत होते. पूर्वीची मी तिथल्या तिथे जमिनीत गेले असते. पण मागच्या महिन्यात वर्गात माझी चार मिनिटांची फिल्म दाखवली आणि चक्क शेवटच्या बाकावरून टाळ्या आल्या. तेव्हापासून माझी जीभ काही आत राहत नाही.

“अंधारात चित्र दाणेदार होतं का? बॅटरी किती तास? आणि ही दोन गोल भोकं कशाची?”

“माईकची. आणि या चकत्या फिरवून आवाज आपल्या हाताने कमीजास्त करायचा,” काका म्हणाले. “अजून काही, बाईसाहेब?”

काउंटरवर आता दोनच उरले होते. एक देखणा: लेन्स बदलता येणारा, माणूस समोर ठेवला की मागचं सगळं लोण्यासारखं विरघळवणारा. दुसरा म्हणजे निव्वळ डबडं. लांबोडकं, त्या दोन भोकांचं आणि चकत्यांचं, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या हातात असतं तसलं. चित्र स्वच्छ, पण वरणासारखं साधं. घ्यायचा एकच होता आणि माझं मन कधीच देखण्यावर बसलं होतं.

अडचण मावशीची होती.

माझी मावशी पियानो लावते. म्हणजे वाजवत नाही, बेसूर झालेल्या पियानोला सुरात आणते. मला तिच्यावरच फिल्म करायची होती आणि ती तीनदा नाही म्हणाली होती. एकदा एका वाहिनीवाल्याने तिचं काम टिपलं आणि दाखवताना सगळा आवाज पुसून वर बासरी घातली. “पियानोच्या डोक्यावर बासरी!” मावशी अजून त्यावर तापते. मला म्हणाली, “आधी तुझा कॅमेरा काय ऐकतो ते मला ऐकव. मग बघू.” मावशी नाही म्हणाली तर फिल्मच नाही. मग देखणा घेऊन काय त्याची पूजा करायची?

काकांनी दोन्ही कॅमेरे, एक माईक आणि हेडफोन दुपारपुरते दिले. बाबा दुकानातच थांबले. ओलीस.

शाळेच्या सभागृहात मावशी पियानोचं झाकण काढून आत वाकली होती. बहुतेक प्रत्येक पट्टीमागे तीन तारा असतात, हे मला तेव्हा कळलं. त्यातली एखादी जराशी चुकली की आवाज डोलतो. वाँव, वाँव, वाँव. मावशी तार ताणायची किल्ली केसभर फिरवते, डोलणं मंदावतं आणि थांबतं. मी देखणा तारांजवळ नेला आणि ओरडलेच.

“मावशी, तारा पोहतायत!”

पडद्यावर त्या नागमोडी दिसत होत्या, नुसत्या डोळ्यांना मात्र सरळ, फक्त पुसट. कॅमेरा चित्र ओळीओळीने वाचतो आणि तेवढ्यात तार हललेली असते, असं काका म्हणाले होते.

“तारा नाही पोहत, तुझा कॅमेरा पोहतोय,” मावशी म्हणाली. “बघणं पुरे. ऐकव.”

माईक तारांच्या अगदी जवळ ठेवला. एकच पट्टी, एकच माईक, आधी देखण्याला जोडला. मावशीने पट्टी दाबून धरली, आवाज पार विझला तेव्हा सोडली आणि हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं.

“मस्त आहे.”

मी मनात उडी मारली.

“फारच मस्त आहे. यात माझं सगळंच बरोबर वाटतंय. अगं, तार विझत चाललीये आणि हा तिला विझूच देत नाही!”

मी ऐकलं. खरंच की! आवाज लहान झाला की कॅमेरा तो आपणहून वाढवत होता. शेवटी तार कमी आणि छतावरचा पंखाच जास्त. हे बंद कसं करायचं? मी सगळी सेटिंग्ज पालथी घातली. शेवटी काकांना फोन लावला.

“त्याच्यात बंद होत नाही ते,” काका म्हणाले. “सतरा प्रश्न विचारलेस, हा एक राहिला बघ.”

मग डबडं. चकती एकदा फिरवली आणि हात काढून घेतला. मावशीने तीच पट्टी दाबली, ऐकलं, डोळे मिटले. कपाळाला आठी पडली.

“पुन्हा लाव.”

लावलं.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा ऐकून तिने हेडफोन काढले. संपली फिल्म.

“ही पट्टी मी सकाळी लावून झाली म्हणून सोडली होती,” ती हळूच म्हणाली. “डोलतेय. आवाजाच्या अगदी शेपटाशी. पंख्याच्या घरघरीत मला कळलंच नाही.”

“म्हणजे हा चुगलखोर आहे?”

“आणि तुझा तो देखणा खुशमस्कऱ्या. मला माझ्या कामात खुशमस्कऱ्या नको.”

मी देखण्याच्या पडद्यात शेवटचं पाहिलं. वाकलेली मावशी, मागे लोणी झालेली खिडकी. मग मी त्याला पिशवीत घातलं आणि चेन लावली.

“मावशी, मग हाच घेतला तर तू...”

“तो चालू आहे का?” तिने किल्ली उचलली.

“आत्ता? कशाला?”

“बरोबर झालेलं काम सगळेच बघतात. मी चूक सुधारते ते अजून कोणी टिपलेलं नाही. घे. आणि बासरी घातलीस तर याद राख.”

मी धावत जाऊन पंखा बंद केला. डबड्यावर लाल दिवा लागला. वाँव... वाँव... वाँ... माझ्या खिशात फोन थरथरत होता, नक्की बाबांचा. ओलिसाचा धीर सुटला असणार. पण तार पूर्ण विझेपर्यंत मी तो उचलला नाही.