शामलाबाईंचा 'हो'

मी बाप्तिस्म्याचा हौद बोलतोय. साठ-एकसष्ट साली सक्करदऱ्याकडच्या एका छोट्या चर्चमध्ये, व्यासपीठासमोरच्या जमिनीत मला बांधलं. माझ्या पायरीवर उभं राहून मंडळीत येणारा नवा माणूस वचनं देतो, मग पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, त्याला अख्खा पाण्यात बुडवतात. चार थेंब शिंपडून भागवणारे आम्ही नव्हे! याचा मला भारी तोरा.

तेव्हा वचनांत दारू, तंबाखू, दागिने सोडायचे असत, आणि चहासुद्धा! मोहल्ला आम्हाला 'बिनचहावाले' म्हणे, आणि आमची मंडळी ते नाव मिरवत फिरे.

आमच्या चर्चमध्ये येणाऱ्या शामलाबाईंचं गाडं नेमकं इथेच अडलं. घरातले सगळे माझ्यात बुडून निघाले. त्या मात्र दरवर्षी पायरीपर्यंतच येत. जुने पाळक विचारत, "चहा सोडला काय?"

"नाही जी. खोटं कशी बोलू?"

की गेल्या परत बाकावर. बाप्तिस्मा नाही, म्हणून उपासनेत सगळ्यांना वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर त्यांना टाळून पुढे जाई. त्या हसत आणि हळूच पदर डोळ्यांना लावत. मला फार वाईट वाटे.

पुढे अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास विश्वनाथ नावाचे नवे पाळक आले, आणि वचनंही नवी आली. शामलाबाई पांढरी साडी नेसून पायरीवर उभ्या राहिल्या. पाळकांनी येशूवरच्या विश्वासाचं विचारलं, मंडळीशी एकनिष्ठ राहण्याचं विचारलं आणि हात पुढे केला.

बाई हलेनात. "चहाचं काहून नाही विचारलं जी?"

"ते वचन आता काढलं, बाई."

"काढलं? अन् मी मागच्याच महिन्यात सोडला! डोकं ठणकून राहिलं माझं!"

सारं चर्च पोट धरधरून हसलं. बाई गर्रकन वळल्या. "म्हणजे तुमी सारे पिऊन राहिले काय?"

हसू तिथंच विरलं. पुढच्या बाकावरच्यांनी माना खाली घातल्या. बाईंचे यजमान रुपराव उगीचच खोकले.

"मी सोडला ते कोणी विचारतच नाही, मग मी नाही येत पाण्यात!"

विश्वनाथांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, "शामलाबाई, चहा सोडला काय?"

"हो जी!"

आणि बाई अशा धपकन आत आल्या, की पाळकांचा चष्मा माझ्या तळाशी आणि पुढचा बाक चिंब! आनंदाने मीही काठाबाहेर सांडलो.

आता आम्हाला कुणी बिनचहावाले म्हणत नाही. उपासना संपली की माझ्याच काठावर कपबशा मांडतात. माझी तक्रार नाही. वचनं तुमची, खुशाल बदला. पण पायरीवर आलेला माणूस काय सोडून आलाय, तेवढं त्याला विचारत जा. त्याचा 'हो' त्याच्या घशात अडकवून ठेवू नका.