लेकीच्या केसांचा टोप

मेलेल्या माणसाचे केस मी घेत नाही. वीस वर्षं केसांचे टोप करतेय, पण हा एक नियम मी कुणाच्या बापासाठी मोडला नव्हता. यात देवभोळेपणा काही नाही. मेलेल्याचे केस घेऊन येणाऱ्याला टोप नको असतो, त्याला ते माणूस हवं असतं. ते मी कुठून आणू?

म्हणून त्या आजी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली वेणी घेऊन आल्या तेव्हा मी ती त्यांना उलगडूसुद्धा दिली नाही.

'आधी बसा,' मी म्हटलं, 'आणि रुमाल काढा.'

त्यांनी रुमाल काढला. डोकं तळहातासारखं गुळगुळीत. भुवयाही गेलेल्या. सोबत चार वर्षांची नात होती, तिला सगळे चिमणी म्हणत. तिला मी बाहेरच्या खोलीत बसवलं. तिथे फळीवर टोप घातलेली प्लॅस्टरची डोकी ओळीने मांडलेली असतात. ती त्यांची नाकं मोजत बसली.

'गेल्या वर्षी मुलगी गेली आणि महिन्याभरात सगळे गळाले,' आजी सांगू लागल्या. 'उशीवर केस, मोरीत केस, ताटात केस. डोक्यात इंजेक्शनं घेतली. बाटल्याच्या बाटल्या चोळल्या. शेवटी केस लावणाऱ्या डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, आम्ही मागचे मुळासकट काढून पुढे लावतो, तुमच्या मागेच काही नाही तर काढू कुठून? म्हटलं, माझ्या मुलीचे लावा. तर म्हणे, दुसऱ्याचा केस शरीर धरत नाही. आता मला सांग, पोटच्या पोरीचे केस दुसऱ्याचे कसे?'

मी सरळ नाही म्हणून टाकलं. दुसऱ्या केसांचा करून देते, छान देते, पण हे नाही.

'मला हौस नाही गं टोपाची,' त्या म्हणाल्या. 'मी रुमालात मरेन. या पोरीसाठी हवाय.'

मग त्यांनी सांगितलं. चिमणी आईच्या वेणीचं टोक बोटाला गुंडाळल्याशिवाय झोपत नसे. आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवसांत सगळं आटोपलं. नेण्याआधी आजींनी वेणी कापून घेतली, कुणाला विचारलं नाही. तेव्हापासून पोर झोपताना स्वतःचे केस बोटाला गुंडाळते आणि उपटते. मी बाहेर जाऊन पाहिलं. उजव्या कानामागे पोराच्या मुठीएवढी जागा उघडी पडली होती. कातडी लाल, मधे एक खपली.

'वेणीच द्या ना मग तिच्या हातात,' आत येऊन मी म्हटलं.

'दिली. किंचाळली. म्हणाली, ही आहे तर आई कुठंय?'

'तुम्ही काय सांगितलंत?'

'दवाखान्यात आहे म्हणून.'

'वर्षभर?'

'तू सांग मग!' आजी एकदम उसळल्या. 'तिचा बाप महिन्यातून एकदा तोंड दाखवतो, त्याची जीभ उचलत नाही. माझी तरी कशी उचलावी?'

मी मोजमापाची टेप काढली. नियम गेला चुलीत.

'फक्त एक कर,' जाताना त्या म्हणाल्या. 'धुऊ नकोस. तिचा वास जाईल.'

आमच्या कामात केस आले की आधी धुवायचे, मग दुसरं काही. न धुतलेल्या केसांना हात लावणं माझ्या जिवावर येतं. पण मी धुतले नाहीत. वेणी सोडली आणि खोली तेलाच्या वासाने भरली. तेल, घाम आणि कसली तरी पावडर. माणूस नुकतंच उठून आत गेल्यासारखा वास. माझ्या नवऱ्याने दारातच नाक मुरडलं. 'कोण आलंय?' त्याने विचारलं. कोणी नाही म्हटलं तर म्हणाला, 'मग दोन कप चहा का ओतलास?' मी खरंच दोन ओतले होते.

तो हसला. मला हसू आलं नाही.

केस खिळ्यांच्या फणीतून ओढले की आखूड केस मागे अडकतात. ते टाकून द्यायचे असतात. या वेणीतले आखूड केस सगळे एकाच मापाचे निघाले, दीड वीत. अर्धा तास बघत बसले तेव्हा उमगलं. बाळंतपणानंतर बाईचे केस गळतात आणि नवे एकदम उगवतात. हे तेच. चिमणी झाल्यावर उगवलेले. त्यांना मी टाकू शकले नाही. कपाळाच्या कडेला बारीक केस लागतातच, तिथे तेच लावायचे ठरवले.

दोन महिने मी ते केस लाकडी डोक्यावर ताणलेल्या जाळीवर गाठत होते. एकेक केस आकडीने ओढायचा, गाठ मारायची, पुढचा घ्यायचा. दुपारी खिडकीशी बसून असं करताना मला सारखं वाटायचं की समोरच्या लाकडी डोक्याला कंटाळा आलाय, आता ते मान वळवेल. मी त्याच्याशी बोलायला लागले. 'झालं हो, एवढी ओळ.' 'दुखलं का?' एकदा आरशात मला माझ्यामागे त्या मेलेल्या लेकीची पाठ दिसली, मोकळ्या केसांची. लाकडी डोकं मीच वळवून ठेवलं होतं, पण कधी, ते आजही आठवत नाही. त्या दिवसापासून काम थांबवलं की मी त्याच्यावर फडकं टाकू लागले. मी, जी वीस वर्षं केसांत वावरतेय, ती घाबरत होते. उगाच लपवत नाही.

टोप तयार झाला. आजी आल्या, चिमणीला बाहेर बसवून आत गेल्या. मी टोप चढवला, कडा बसवल्या, वेणी घातली. आरशात बघून आजींनी तोंडावर हात ठेवला. 'हुबेहूब ती,' म्हणाल्या. त्या लेकीसारख्या दिसतात हे बहुधा केस असताना कुणाच्या लक्षातच आलं नसेल.

त्या बाहेर गेल्या. चिमणी उठली. जवळ आली, वेणीचं टोक उचललं, नाकाला लावलं, बोटाला गुंडाळलं आणि बाकावर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पाच मिनिटांत झोपली. आम्ही दोघी मुसमुसून रडलो, आवाज न करता. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, असं त्या दिवशी मला वाटलं.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. टोपाची एक चिकट पट्टी शिवणीतून सैल झाली होती. अंगात फिकट हिरवा झगा, लेकीचाच असणार. चाल हलकी, आवाज वर चढलेला.

'झोपते गं आता,' त्या म्हणाल्या. 'टोप मी रात्रीही काढत नाही. ती उपटत नाही. लव आलीय बघ कानामागे. आई म्हणते मला. मीही ओ देते. बिघडलं काय?'

बिघडलं होतं, पण काय ते मला बोटावर दाखवता येईना. त्या हात धुवायला मोरीत गेल्या. मी सुईत दोरा ओवत होते, तेवढ्यात चिमणी माझ्या गुडघ्याशी आली. तिने मोरीच्या दाराकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

'आजी कुठे ठेवलीस?'

'काय गं?'

'हळू बोल.' तिने फळीवरच्या डोक्यांकडे बोट केलं. 'यांत नाही. मी सगळी बघितली. आजी आत गेली होती. मग आई बाहेर आली.'

'मग आईला विचारायचं ना,' कसंबसं मी म्हटलं.

'विचारलं तर आई परत जाईल.' ती माझा हात ओढत होती. 'तू दे ना. मी कुणाला सांगणार नाही. आजीला केस नाहीत, तिला गार लागतं.'

पंधरा दिवस! पंधरा दिवस हे एवढंसं पोर आजीसाठी झुरत होतं, आणि आई जाईल या धाकाने तोंडाला कुलूप लावून बसलं होतं. आणि आम्ही दोघी थोराड बाया खूश होतो, पोर झोपतंय म्हणून.

मी वर पाहिलं तर आजी मोरीच्या दारात उभ्या. हात ओलेच. सगळं ऐकलं होतं.

त्यांनी कानामागच्या पट्ट्या सोडवल्या. घाईत एक कातडीला चिकटली, ती ओरबाडून काढली. टोप उतरवून माझ्या हातात दिला.

'आजी!'

चिमणी धावली आणि तिला मारायलाच लागली, दोन्ही मुठींनी, पोटावर, मांड्यांवर. 'कुठे गेलीस? कुठे गेलीस तू?'

'इथंच होते गं. मीच होते.'

चिमणी थांबली. वळून माझ्या हातातल्या टोपाकडे बघितलं.

'आणि आई?'

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते माझ्याने सांगवणार नव्हतं, आणि माझं ते कामही नव्हतं.

आजी जमिनीवर बसल्या, तिच्या उंचीएवढ्या झाल्या. आवाज आता त्यांचा स्वतःचा होता, जाड, म्हातारा.

'आई मेली, बाळा. गेल्या वर्षीच मेली. मी खोटं सांगितलं तुला.'

चिमणी रडली नाही. ती आजीच्या मांडीवर चढली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवू लागली, पुढून मागे, मागून पुढे. बोटाला गुंडाळायला काहीच लागेना. मग तिच्या हाताला आजीचा कान लागला. तो तिने मुठीत घट्ट धरला, आणि तेव्हा ती रडायला लागली. दुखत असणार, पण आजींनी मान तशीच तिच्याकडे झुकवून धरली.